साहेबाच्या यॉटला सात फूट: मुंबई ते वैनगंगा

लोक चांद्याकडे जातात ते वाघ बघायला, नाहीतर मार्कंड्याची देवळं बघायला. मी गेलो करवत घेऊन. एक चांगली शाबूत नाव मधोमध कापायला गेलो, हे ऐकून वर्ध्याच्या फलाटावर एका गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं आणि आपली ट्रंक माझ्यापासून जरा दूरच ओढून घेतली.

ज्यांना शिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा करायची आहे त्यांनी हे जरूर वाचावं. रस्ता, गाडी, खाणं सगळं सांगतो. पण नावेचंही सांगणार, कारण नदी तुम्हालाही ओलांडावी लागेल.

आधी माझं काम काय ते सांगतो. मी माझगावच्या एका गोदीत दुरुस्तीला आलेल्या यॉटींवर काम करतो. शिक्षण मराठी चौथी. नावेचं काम मला कुणी शिकवलं नाही. मी बघितलं, मोजलं, रात्री खडूनं जमिनीवर काढलं आणि शिकलो. शेटलोकांची यॉट डागडुजीला आली की कुणाला झोपायची खोली मोठी हवी असते, कुणाला पत्त्यांचा डाव मांडायला जागा. नाव लांबवायची म्हणजे मागं तुकडा चिकटवायचा असं लोकांना वाटतं. तसं केलं तर ती नाव राहत नाही, शेपूट फुटलेलं होडकं होतं. नाव पोटातच कापावी लागते, जिथं ती सगळ्यात रुंद असते तिथं. दोन अर्ध्या ओढून दूर करायच्या आणि मध्ये नवं पोट घालायचं. कण्याला, ज्याला आम्ही पठाण म्हणतो, त्याला नवा सांधा द्यायचा. सुताची दोरी धरल्यावर तीन तुकडे एका रेषेत नसले तर नाव जन्मभर तिरकी चालते. अशा तीन यॉटी मी वाढवल्यात. तिन्ही आज पाण्यावर आहेत, हवं तर बंदरात कुणालाही विचारा.

माझा मेहुणा दिगंबर चांद्याला ओव्हरसियर आहे. दिवाळीला आला तेव्हा त्यानं एक गोष्ट सांगितली. सावली गावाच्या पुढं वैनगंगेवर एक घाट आहे, लोक त्याला नावघाटच म्हणतात. तिथं मारोती नावाचा ढिवर, म्हणजे नदीवरचा कोळी, नाव चालवतो. आदल्या शिवरात्रीला पलीकडे मार्कंड्याला जाणारी गर्दी त्याच्या आखूड नावेत चढली, डोहाच्या मध्यावर सगळे देऊळ बघायला एका बाजूला झुकले आणि नाव कलंडली. बाकी सगळे निघाले. एकटी त्याची मेहुणी, बायकोची धाकटी बहीण, निघाली नाही. तेव्हापासून मारोतीच्या बायकोनं, भागाबाईनं, नवऱ्याच्या नावेत पाय ठेवलेला नाही. तिचं माहेर नदीपलीकडे. तिकडंही ती तेव्हापासून गेलेली नाही.

"आता त्या लोकांनी मिळून तलावावरच्या साहेबाची जुनी यॉट लिलावात घेतलीय," दिगंबर म्हणाला. "कालवे खात्याच्या गोऱ्या साहेबाची, तलावात फिरायला ठेवलेली. साहेब विलायतेला गेला, ही राहिली. पण आखूड आहे. दाजी, तुम्ही वाढवून द्याल का? शिवरात्रीच्या आत?"

मी लांबी विचारली. एकवीस फूट. रुंदी विचारली. त्याला माहीत नव्हती. तेवढ्यावरच मला जायचं ठरवावं लागलं. ज्याला रुंदी माहीत नाही त्याच्यावर असं काम सोडता येत नाही.

जाणाऱ्यांसाठी: मुंबईहून नागपूर मेलनं वर्धा, तिथं बल्लारशाकडची गाडी. वर्ध्याला वेळ खूप जातो, डबा सोबत ठेवा. मी मध्येच वरोऱ्याला उतरलो, कापसासाठी. फळ्यांच्या फटीत जो कापसाचा पीळ ठासतात तो लांब धाग्याचाच हवा, आणि वरोऱ्याच्या बाजारात गाठीच्या गाठी पडलेल्या असतात. अडत्यानं मूठभर कापूस हातात दिला. मी तो ओढून, पिळून, दाताखाली धरून बघितला.

"कपडा करता का भाऊ?" त्यानं विचारलं.

"नाव भरतो."

"कापसानं?" त्यानं मागं वळून मुनीमाला हाक मारली. "इकडे या न जी. हे भाऊ पान्यात कापूस टाकून राह्यले!"

चांद्याला एक रात्र दिगंबरकडे. शहराला अजून सबंध दगडी कोट आहे, दरवाज्यांतून टांगे जातात. जिल्हा आता मुंबई राज्यात आला तरी कचेरीतल्या जुन्या पाट्या तशाच आहेत. सकाळी चांदा फोर्टवरून छोट्या रुळांची गाडी मूलला जाते. ती इतकी सावकाश जाते की एक इसम उतरून, बाभळीची काडी दातवणाला तोडून, पुन्हा चढला. दोन्ही बाजूंना जंगल, पानगळीचं, आणि मोहाची झाडं. मूलहून सावलीपर्यंत मोटार. कंडक्टर नव्या पैशात भाडं मागतो, उतारू आण्यात देतात आणि दोघेही भांडतात, म्हणून सुटे ठेवा. सावलीत चहा बरा मिळतो. तिथून नावघाटापर्यंत बैलगाडी, भाताच्या बांध्यांमधून. पाठ शाबूत राहिली तर माझ्यासारखं नशीब समजा.

मारोती घाटावरच भेटला. बुटका, रुंद, डोळे कायम पाण्याच्या रेषेवर.

"तुमीच मुंबईवाले भाऊ?"

"मीच."

"नाव कापता म्हनून आयकलं."

"कापतो. मग जोडतो."

"जोडता हे दिगंबरभाऊनं सांगतलं न," तो म्हणाला. "कापता हे लोकाईनं सांगतलं."

यॉट दोन बैलगाड्या जोडून तलावावरून आणली होती आणि आंब्याखाली ठेवली होती. सुंदर होती. खोटं कशाला सांगू, एवढी सुबक कमान मी माझगावलाही क्वचित बघितली असेल. पण नदीच्या कामाची नव्हती. खाली शिशाचा भार लटकत होता. माघात नदी अर्धी वाळू आणि अर्धा डोह असते, तो भार वाळूत रुतला असता. मी ठरवलं ते असं: डोलकाठी काढायची. शिसं खालून काढून आत तळाला बसवायचं, म्हणजे नाव उथळ होईल पण तोल जाणार नाही. आणि डोलकाठीच्या मागं दोन फुटांवर कापून सात फूट नवं पोट घालायचं. रुंद भाग लांब झाला की माणसं झुकली तरी नाव एकदम कलत नाही. नाव लांबवण्याचं खरं कारण ते, जास्त माणसं कोंबणं नव्हे. हे मी मारोतीला वाळूत काठीनं काढून दाखवलं. तो बघत राहिला.

"मागल्या साली अशी राह्यती त..." एवढंच बोलला.

भागाबाई जरा लांब उभी होती, डोक्यावर हंडा. उंच बाई, नवऱ्यापेक्षा उंच. तिनं विचारलं, "किती मानसं बसतीन भाऊ?"

"तीस."

"आन किती बसवसान?"

"तीस."

"इथी कोनी मोजत नाई," ती म्हणाली आणि गेली.

कापायच्या दिवशी सगळा गाव जमला. मी सूत मारलं, खडूनं रेघ ओढली, आणि गावचा गोविंदा सुतार एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, अशी मोठी करवत लावली. नावेच्या फळीवर पहिली करवत ओढताना माझाही हात दर वेळी जड होतो, शेटच्या यॉटीवरही. करवत अर्ध्यावर आली तशी एक म्हातारी रडायला लागली. दुपारपर्यंत दोन अर्ध्या वेगळ्या झाल्या. गोल बल्ल्या खाली सारून, दोर लावून, आम्ही मागली अर्धी सात फूट मागं ओढली. मधल्या मोकळ्या जागेतून पाण्याला जायचा जवळचा रस्ता होता, पण त्या दिवसापासून एकही बाई तिथून गेली नाही. सगळ्या वळसा घालून जायच्या. "जोडेपर्यंत तिची कूस उघडी हाय," गोविंदानं सांगितलं. मीही मग वळसाच घालायला लागलो. काय करणार, शेवटी आपण पाहुणे.

मला सागवानच हवं होतं. सागाच्याच प्रांतात आलोय, साग मिळणार नाही तर काय मिळेल! पठाणाचा सांधा आणि फासळ्या सागाच्या मिळाल्या. पण फळ्यांना लागेल तेवढ्या सागाचा जंगल खात्याचा परवाना शिवरात्रीच्या आधी येणार नव्हता. मूलच्या वखारीत येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, फळ्या होत्या, कोरड्या, सरळ. गोविंदा म्हणाला, "येन पानी लय पिते भाऊ." मला ते ठाऊक होतं. मी म्हटलं, "आतून-बाहेरून रंगाचे दोन हात देतो, मग किती पिईल?" त्यानं मान हलवली. माझ्या हिशेबानं ते बरोबरच होतं.

पुढचे दिवस मी दुसरं काही बघितलं नाही. जेवण भागाबाईच्या घरून यायचं: भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, कधी डोहातली मासळी इतकी तिखट की डोळ्यांतून पाणी यायचं आणि सूत दिसायचं नाही. सांधा पोलादी बोल्टांनी आवळला. सूत धरलं. तीन तुकडे एका रेषेत, पोटाची कमान जुन्यात मिसळलेली. बोट फिरवून जोड सापडणार नाही. गोविंदानं फिरवलं, मारोतीनं फिरवलं. मग मी नव्या भागाच्या फटी कापसानं भरल्या. वरोऱ्याचा पीळ, बोथट छिन्नी आणि मोगरी. घट्ट, अगदी घट्ट. गोदीत मी भरलेल्या फटीतून सुई जात नाही. जुन्या भागाचा कापूस जुनाच, सैल झालेला. तिथं फक्त राळ ओतली. मग रंग आणायला सावलीला गेलो. रंग कमी निघाला, मोटार चुकली, मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी घाटावर परत आलो.

आंब्याखाली नाव नव्हती.

नुसत्या बल्ल्या होत्या आणि वाळूत ओढल्याची खूण, नदीपर्यंत. पाण्याच्या कडेला हळद-कुंकू सांडलेलं. मारोती काठावर बसून जाळं विणत होता.

"नाव कुठं आहे?"

"हे काय." त्यानं हनुवटीनं नदी दाखवली. "पानी पाजून राह्यलो."

काठाजवळच्या कमरभर पाण्यात, दगड भरून, माझी नाव तळाला बसवलेली होती. कालपासून. त्यांच्यात प्रत्येक नवी नाव अशीच बुडवतात. लाकूड पाणी पितं, फुगतं, फटी आपोआप मिटतात, आणि घरच्या बाईनं हळद वाहिली की पहिला भार नदीचा होतो, माणसांचा नाही. कितीतरी पिढ्यांची रीत. मला सांगायचं कुणाला सुचलं नाही. चूल पेटवतो हे कुणी पाहुण्याला सांगतं का? आणि मीही विचारलं नव्हतं.

वाचकहो, इथं नीट ऐका. फट रिकामी असली तर फुगलेली फळी फटीत शिरते. फट कापसानं ठासलेली असली तर तिला जायला जागा नसते. मग ती फळी शेजारच्या फळीला रेटते, आणि सगळ्या मिळून फासळ्यांना. त्यांची रीत बरोबर होती. माझीही बरोबर होती. रंग लागायच्या आधी एकाच नावेवर दोन्ही झाल्या तेवढंच.

"काढा तिला वर. आत्ता."

दगड काढले, बादल्यांनी पाणी उपसलं. नाव डौलात तरंगली. मारोती आत उतरला, तळावर हात फिरवला, आणि ओरडला, "एक थेंब नाई! भाऊ, जलमात एवढी कोरडी नाव पाह्यली नाई म्या!" काठावर पोरं नाचायला लागली. गोविंदानं माझ्या पाठीवर थाप मारली.

मी नव्या पोटाला कान लावला. आतून बारीक आवाज येत होता, टिक, टिक, जसा उन्हात तापलेला पत्रा वाजतो. बाहेरून सूत धरलं. काल सरळ असलेली फळी बोटभर फुगून बाहेर आली होती. बोल्टांची डोकी लाकडात रुतली होती. आणि आत, वळणाच्या जागी, तीन फासळ्यांवर केसाएवढ्या चिरा.

"मारोती, ही नाव परवा जायची नाही."

तो हसला. त्याला गंमत वाटली. मग माझं तोंड बघून हसू थांबलं. "काऊन? गळत नाई म्हनून?"

"हो. गळत नाही म्हणूनच."

आता तुम्हीच सांगा, हे ऐकून कोण विश्वास ठेवील? परवा शिवरात्र. पलीकडे राहुट्या लागल्या होत्या. वर्षभर ज्या माणसाकडे लोक बोट दाखवत होते, त्याला शेवटी अशी नाव मिळाली होती की जिच्यात पाण्याचा थेंब नाही, आणि मी म्हणत होतो ही नको.

"तुमचं काम बिघडलं आन तुमी आमच्या रीतीवर घालून राह्यले," तो हळूच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी भांडलो नाही. म्हटलं, "वाळूची पोती भर. तीस माणसांच्या वजनाची. इथंच, काठाला, कमरभर पाण्यात. माझं खोटं निघालं तर पहिल्या खेपेत मध्यभागी मी बसतो."

पोती भरली. एकेक पोतं मी मोजून मधल्या भागात ठेववत होतो. वीस माणसांचं वजन झालं, नाव शांत. मारोतीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. बावीस. तेवीस. मीच माझ्यावर शंका घ्यायला लागलो. चिरा वरवरच्याच असतील, मुंबईच्या माणसाला उगाच... चोविसाव्याला आतून बंदुकीसारखा आवाज झाला. एक फासळी वळणावर तुटली होती. दुसऱ्या क्षणी जोडाच्या खालच्या फटीतून पाण्याची धार फुटली, हातभर उंच, आणि एक पोतं त्या धारेनं भिजून खाली कोसळलं.

काठावर भागाबाई हंडा भरायला आली होती. हंडा तिच्या हातून सुटला आणि गडगडत पाण्यात गेला. ती त्याच्यामागं गेली नाही. उभीच राहिली.

मारोती पाण्यात उतरून नावेला धरून उभा राहिला, जसं बिथरलेल्या बैलाला धरतात. मग म्हणाला, "सांगा भाऊ. काय कराचं?"

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीपर्यंत, आम्ही जे केलं ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात उलटं काम. मी स्वतः ठासलेला कापूस मीच उपसून काढला. फट न् फट. आकडीनं ओढताना धागा कण्हल्यासारखा आवाज करत निघायचा, आणि तो निघाला की शेजारच्या फळ्या हळूहळू आपल्या जागी परत यायच्या; सुतावर दिसत होतं. तुटलेल्या आणि चिरलेल्या फासळ्यांच्या बाजूला गोविंदानं दुहेरी फासळ्या बसवल्या, सागाच्या. त्याच्या हातात घाई होती पण एकही भोक चुकलं नाही. फटींत काहीच भरलं नाही; लाकूड फुगून मिटेल तेवढंच. पुन्हा वाळूची पोती भरली, पुरी तीस माणसांची. टिक आवाज नाही. सूत सरळ. तळाला मात्र पाणी झिरपत होतं, चारी बाजूंनी, घामासारखं.

"गळते," गोविंदा म्हणाला.

"गळू दे. आता तिला श्वास घेता येतो."

शिवरात्रीच्या सकाळी वाळूवर शेकडो माणसं. बैलगाड्या, पोरं, नारळ, बेलाची पानं. आणि नावेत कुणी चढेना. परवाचा आवाज गावभर झाला होता, आणि गावातून पुढच्या गावांत. नाव लांब होती, देखणी होती, तळात चार बोटं पाणी होतं. एक पागोटेवाला वाकून आत बघून म्हणाला, "हे त बसल्या बसल्या गंगास्नान झालं बापा!" लोक हसले आणि दोन पावलं मागं सरकले. काही जण चार कोस वरच्या उताराकडे चालायला लागले.

मारोती वल्हं धरून उभा होता. एकदाही हाक मारली नाही त्यानं. "या" म्हणायचं तोंड त्याच्याकडे उरलं नव्हतं, असं मला वाटलं. मी मोजलं होतं, भार देऊन बघितलं होतं, सगळं खरं होतं. पण मोजमाप वाळूवर उभ्या माणसांना दिसत नाही.

भागाबाई गर्दीतून आली. सरळ माझ्याकडे.

"परवा कोरडी होती तवा तुमी नाई म्हटलं."

"हो."

"आज गळून राह्यली."

"गळेल. पलीकडे जाईपर्यंत गुडघ्याखाली येईल, उपसावं लागेल. बुडणार नाही. तीस नव्हे, वीस माणसं; बाकीचा भार आत आलेल्या पाण्याचा. सगळी बसून. गाडी-बैल नाही."

ती म्हणाली, "खोटं बोलाचं असतं त परवाच बोलले असते." पदर खोचला, कुणाच्या तरी हातातला डालड्याचा डबा हिसकावला आणि नावेत चढली. मधोमध, नव्या पोटात बसली. नवऱ्याकडे बघितलंही नाही.

मग माणसं आली. मी एकोणीस मोजली, विसावा मी. एकविसावा पागोटेवाला होता. त्याला भागाबाईनंच उतरवलं. "पुढल्या खेपेत ये. मोजून चालते आता इथी."

वैनगंगा मार्कंड्यापाशी उत्तरेकडे वळते. डोहात शिरलो तसं पाणी हिरवं, मग काळं झालं. फक्त वल्ह्याचा आवाज आणि डब्याची खरखर: भरला, फेकला, भरला, फेकला. माझा हात जोडाच्या फळीवर होता, सगळा वेळ. फळी थोडी लवायची आणि परत यायची. पाणी पोटरीपर्यंत आलं. समोर देवळाची शिखरं दिसली आणि पुढचा एक दांडगा बाप्या उभा राहायला लागला.

"बस बे!" भागाबाई कडाडली. "देव पळून नाई चालला!"

तो धपकन बसला. नाव डावीकडे लवली, एकदा, आणि सरळ झाली. मी फळी सोडली नव्हती. नावेनं ऐकलं होतं माझं.

त्यानंतर थोड्याच अंतरावर भागाबाईचा डबा थांबला. कुणी सांगितलं नाही पण जागा तीच, गेल्या शिवरात्रीची, हे मारोतीच्या पाठीवरून कळलं. त्यानं दोन वल्ही अगदी हळू मारली. ती पाण्याकडे बघत होती. मग पुन्हा डबा खाली घातला, पाणी भरलं, आणि या वेळी फेकलं नाही. वाकून नदीत अलगद सोडलं. पुढचं पुन्हा जोरात फेकलं.

पलीकडच्या वाळूवर उतरलो. भागाबाई उतरून, मागं न बघता, माहेरच्या वाटेनं चालायला लागली, थोडं गेल्यावर वळली आणि नवऱ्याला ओरडली, "सांजच्याले न्यायले या. आन मोजून आना!"

त्या दिवशी नाव दिवसभर चालली, वीस वीस माणसांनी. दुपारनंतर पाणी कमी झालं. संध्याकाळी तळात फक्त ओल होती.

मार्कंड्याची देवळं मी बघितली. दगडातली ती माणसं, ती नक्षी, खरंच अप्रतिम. पण मी खरं सांगतो, प्रत्येक मूर्तीपाशी उभा राहून मी नदीकडेच बघत होतो. तेव्हा देवळांचं वर्णन दुसऱ्या कुणाचं वाचा. जत्रेत भाकरी आणि वांग्याची भाजी झकास मिळते. परतीला चांद्यासाठी एक दिवस जास्त धरा.

मुंबईला परत येऊन आता काही महिने झाले. सध्या गोदीत एका शेटची यॉट आहे, तिला पाच फूट घातले. फटींत कापूस भरताना मोगरी मध्येच थांबते आणि मी कान लावतो. पूर्वीइतकं ठासत नाही. परवा पाण्यात सोडली तेव्हा तळात थोडी ओल आली. शेट पांढऱ्या बुटांनी मागं सरकले. "मिस्त्री, इतकी वर्षं काम करता आणि पाणी?"

"पिऊ द्या तिला," मी म्हटलं. "दोन दिवसांनी बघा."

शेटना ते पटलं नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर दुसराच माणूस उभा होता, बुटका, रुंद, बिथरलेल्या नावेला धरून, आणि त्याला पटलं होतं.

तर तुम्ही शिवरात्रीला नावघाटावर गेलात तर लांब नाव विचारा. तळात पाणी दिसलं तर घाबरू नका, डबा हातात घ्या. एक उंच बाई तुम्हाला मोजेल. एकविसावे असाल तर मुकाट्यानं काठावर थांबा, पुढच्या खेपेत मिळेल.